भेटपत्रावरील वाघाटी

गेल्या दिवाळींत लंडनमध्यें राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचें भेटपत्र आलें. आंत नेहमींच्या शुभेच्छा होत्या. परंतु वरच्या पृष्ठावर पणती नव्हती, रांगोळी नव्हती, कीं लक्ष्मीचीं पाउलें नव्हतीं. तेथें एक रानमांजर होतें. अंगानें लहान, रंगानें करडें, कान आंखूड व गोलसर, आणि पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी असलेलें. खालीं तिरप्या अक्षरांत 'फेलिस रुबिजिनोजा' असे दोन लॅटिन शब्द. मागील बाजूस बारीक टाइपांत एवढेंच छापलें होतें कीं, हें चित्र एकोणिसाव्या शतकांतील एका प्राणिशास्त्रविषयक ग्रंथांतून घेतलें आहे. ग्रंथ कोणता, चित्रकार कोण, प्राणी कोणत्या देशींचा, यांविषयीं एक अक्षरही नव्हतें. घरांतील मुलांनीं 'काय गोड मांजर आहे!' म्हणून तें पत्र फडताळावर उभें करून ठेविलें. संध्याकाळीं माझ्या आईनें तें हातांत घेतलें, चष्मा पुसून पाहिलें, आणि ती म्हणाली, "अरे, ही तर आपली वाघाटी!"

आईचें म्हणणें खरें होतें. तिचें माहेर जुन्नर तालुक्यांतील, आणि त्या भागांत उंसाच्या फडांतून, ओढ्याकाठच्या झुडपांतून हें जनावर अजूनही राहतें. मग मनांत प्रश्न आला कीं, आमच्या उंसांतील ही वाघाटी लंडनच्या दुकानांत कशी पोहोंचली, आणि तेथून टपालानें आमच्याच घरीं परत कशी आली? या प्रश्नाचा माग काढतांना जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवावें, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

प्रथम भेटपत्राची हकीकत. ती फार जुनी नाहीं. 1840 सालापूर्वीं इंग्लंडांत टपालाचा आकार अंतरावर अवलंबून असे व तो बहुधा पत्र घेणारास द्यावा लागे. त्या वर्षीं एका पेनीच्या तिकिटांत देशभर कोठेंही पत्र पाठविण्याची सोय झाली, आणि सामान्य माणसाच्या हातांत टपाल आलें. या सुधारणेस ज्यांनीं हातभार लाविला, त्यांपैकीं हेन्री कोल हे एक होते. 1843 च्या नाताळांत इष्टमित्रांच्या पत्रांचा ढीग पाहून, प्रत्येकास स्वहस्तें उत्तर कोठवर लिहीत बसावें, या विचारानें त्यांनीं जॉन कॅल्कॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतलें व त्याच्या सुमारें हजार प्रती छापविल्या. उरलेल्या प्रती एक शिलिंगास एक याप्रमाणें विकल्या. शिलिंग म्हणजे त्या काळच्या मजुरास परवडणारी रक्कम नव्हे. तेव्हां भेटपत्र जन्मास आलें तें श्रीमंतांच्या घरीं. पुढें दगडावरून अनेक रंगांत छापण्याची कला स्वस्त झाली, अमेरिकेंत बोस्टन येथें लुई प्रांग यांनीं 1870 नंतरच्या दशकांत रंगीत भेटपत्रें विपुल काढलीं, आणि हा रिवाज घरोघर गेला. आपल्याकडे संक्रांतीस पाकिटांत चार दाणे तिळगूळ घालून छापील पत्र पाठविण्याची जी चाल पडली, ती याच रिवाजाची धाकटी बहीण होय.

आतां चित्राची हकीकत. ती अधिक लांबची व अधिक गुंतागुंतीची आहे.

युरोपांतील लोकांस वाघ-सिंहांची ओळख बराच काळ कथांवरून व राजांच्या पिंजऱ्यांवरून होती. हिंदुस्थानांतून गेलेल्या जनावरांपैकीं एकाची गोष्ट प्रसिद्ध आहे. मद्रासचे गव्हर्नर जॉर्ज पिगट यांनीं इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज यास एक चित्ता नजर केला, व 1764 सालीं विंडसरच्या उपवनांत तो एका सांबरशिंग्यावर सोडण्यांत आला. काळवीट धरण्यास शिकविलेल्या त्या चित्त्यास सांबरशिंग्यानें शिंगांवर उडवून दिलें. जॉर्ज स्टब्ज यानें या चित्त्याचें जें मोठें तैलचित्र काढलें, तें आज मँचेस्टरच्या कलासंग्रहांत आहे. चित्त्याच्या शेजारीं दोन हिंदी सेवक उभे आहेत. एकानें जनावराच्या पट्ट्यास हात घातला आहे, दुसरा सावजाकडे बोट दाखवीत आहे. चित्रकारानें त्यांचे चेहरे चित्त्याइतक्याच काळजीनें रंगविले आहेत, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढच्या शंभर वर्षांच्या चित्रांत असा देशी माणूस क्वचितच दिसतो.

असें चित्र राजवाड्यांतील भिंतीसाठीं असे. पुस्तक वाचणाऱ्या लोकांसाठीं थॉमस ब्यूइक यानें 1790 सालीं चतुष्पाद प्राण्यांचा जो ग्रंथ काढला, त्यांत लांकडावर कोरलेलीं, रंग नसलेलीं चित्रें होतीं. 1834 मध्यें सर विल्यम जार्डिन यांच्या एडिंबरो येथील ग्रंथमालेंत केवळ मार्जारकुलावर एक लहानसा खंड निघाला. चित्रें धातूच्या पत्र्यावर कोरून मग हातानें रंगविलेलीं, किंमत सहा शिलिंग. मध्यम वर्गाच्या कुटुंबांत रंगीत वाघ-बिबळे शिरले ते अशा पुस्तकांच्या द्वारें.

परंतु आज भेटपत्रांवर जीं रानमांजरें वारंवार दिसतात, त्यांचें एक मोठें उगमस्थान म्हणजे डॅनियल जिरो एलियट या अमेरिकन पंडिताचा मार्जारकुलावरील प्रबंध. तो 1878 पासून 1883 पर्यंत भागांभागांनीं प्रसिद्ध झाला. आकार अतिशय मोठा आणि चित्रें 43. माझ्या हातांतील पत्रावरचें नांव घेऊन मी शोध करूं लागलों, तेव्हां याच ग्रंथापर्यंत येऊन पोहोंचलों. एलियट हे न्यूयॉर्कचे सधन गृहस्थ. तेथील नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाच्या स्थापनेंत त्यांचा वांटा होता. ग्रंथाचें लेखन त्यांचें. परंतु ग्रंथ आज ज्यामुळें जिवंत आहे, तीं चित्रें योझेफ वुल्फ यांचीं आहेत.

वुल्फ यांचा जन्म 1820 सालचा, ऱ्हाइन प्रांतांतील एका शेतकऱ्याच्या घरचा. लहानपणीं पक्ष्यांच्या मागें रानोमाळ भटकणारा हा मुलगा गांवकऱ्यांच्या चेष्टेचा विषय झाला होता. पुढें त्यानें कोब्लेंट्स येथें शिळाछापाच्या धंद्यांत उमेदवारी केली, आणि 1848 सालीं तो लंडनला आला. तेथील प्राणिसंग्रहोद्यान वीस वर्षांपूर्वीं, म्हणजे 1828 मध्यें, उघडलें होतें. वुल्फ तासन्तास पिंजऱ्यांपुढें बसत. जनावर झोपतांना पाय कसा दुमडतें, रागावलें म्हणजे कान कोणत्या दिशेस वळवितें, हें ते टिपून घेत. डार्विन यांनीं 1872 सालच्या मनोविकारांच्या आविष्कारावरील ग्रंथासाठीं कांहीं चित्रें वुल्फ यांच्याकडूनच काढवून घेतलीं, यावरून या निरीक्षणाची योग्यता कळून येते.

वुल्फ यांचीं चित्रें दगडावर उतरविण्याचें काम योझेफ स्मिट या डच कारागिराचें. शिळाछापाची युक्ति आपल्या लोकांस अपरिचित नाहीं. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं 1831 सालीं मराठी पंचांग याच रीतीनें छापलें. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर चरबीयुक्त खडूनें चित्र उलटें काढावयाचें, दगड पाण्यानें भिजवावयाचा, आणि मग त्यावर शाई फिरवावयाची. पाणी शाईस दूर ठेवितें, चरबी तिला धरून ठेवितें. कागद दाबला कीं चित्र उठतें. केंसांचा मऊपणा दाखविण्यास या खडूइतकें सोयीचें साधन नव्हतें, आणि मांजर म्हणजे तर सगळे केंसच! असा छाप काळा उठे. त्यावर मूळ नमुना समोर ठेवून एकेक कागद पाण्याच्या रंगांनीं हातानें रंगविला जाई. रंगविण्याच्या या धंद्यांत स्त्रिया व मुलेंही पुष्कळ असत. चित्राखालीं चित्रकाराचें व दगडावर काढणाराचें नांव येई; रंगविणाऱ्या हातांचें नांव येत नसे.

नांव न येणारी मंडळी याहूनही दूरवर पसरलेली होती. लंडनच्या उद्यानांत सर्व जातींचीं मांजरें जिवंत असणें शक्य नव्हतें. पुष्कळांचें केवळ वाळलेलें कातडें व कवटी हातीं येई. बोर्निओ बेटांतील तांबड्या मांजराचेंच उदाहरण घ्या. वॉलेस यांनीं सारावाकहून धाडलेल्या एका कातड्यावरून 1874 सालीं ग्रे यांनीं या जातीचें वर्णन केलें. हें मांजर एलियट यांच्या ग्रंथांत आहे. परंतु जिवंत मांजराचें छायाचित्र मिळावयास विसावें शतक संपत यावें लागलें. म्हणजे चित्रकारानें सुरकुतलेल्या चामड्यांत आपल्या अनुभवानें स्नायु भरले, डोळ्यांत पाणी घातलें, आणि पायांखालीं कल्पनेंतील रान उभें केलें. या चित्रांतील कांहीं प्राणी पाहिलेले आहेत आणि कांहीं तर्कानें सिद्ध केलेले आहेत. भेटपत्र विकत घेणारास दोन्ही सारख्याच विश्वासानें पाहतात.

हीं कातडीं येत कोठून? आपल्या प्रांतापुरतें पाहावयाचें तर, कंपनीच्या नोकरींतील साहेबांकडून. कर्नल साइक्स यांनीं दख्खनची पाहणी करतांना येथील सस्तन प्राण्यांची यादी केली, ती 1831 सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रमंडळाकडून प्रसिद्ध झाली. वॉल्टर एलियट (वरील ग्रंथकर्त्याशीं या गृहस्थांचा घोंटाळा करूं नये) यांनीं 1839 मध्यें दक्षिण महाराष्ट्र मुलुखांतील प्राण्यांची यादी मद्रासच्या एका नियतकालिकांत छापली. जर्डन हे कंपनीचे डॉक्टर. त्यांचा हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ 1867 चा. त्यांनीं तांबड्या ठिपक्यांच्या मांजराचें एक पिलूं घरांत पाळलें होतें व तें आढ्यावरील खारींच्या मागें लागे, असें त्यांच्या लेखनावरून कळतें. 'वाघाटी' हें घाटांतील मराठी नांवही त्यांच्या ग्रंथांत नोंदलेलें आहे. मात्र तें बिबळ्या मांजरासाठीं. आमचे शेतकरी आजही दोन्ही मांजरांस हेंच एक नांव देतात. तें नांव ज्यानें साहेबास सांगितलें, तो कोणी धनगर, कोळी अगर फासेपारधी असेल. पिलूं आणून देणाराही असाच कोणी. इंग्रजी ग्रंथांत साहेबांचें नांव आहे, प्राण्याचें नांव आहे, या माणसाचें नाहीं. नेपाळांत ब्रायन हॉजसन यांनीं राजमानसिंग या स्थानिक चित्रकाराकडून जीं चित्रें करविलीं, त्यांत निदान चित्रकाराचें नांव टिकलें. तें अपवाद म्हणूनच सांगावें लागतें.

आमच्या वाघाटीचें शास्त्रीय नामकरण देखील येथें झालें नाहीं. पाँडिचेरीहून गेलेल्या नमुन्यावरून 1831 सालीं इझिडोर जोफ्रॉय सेंत-इलेर या फ्रेंच पंडितानें तें केलें. भेटपत्रावरचें 'फेलिस' हें कुलनामही आतां चालत नाहीं. ही जात हल्लीं 'प्रायोनैल्युरस' या गटांत घालतात. एलियट यांच्या काळीं वाघापासून वाघाटीपर्यंत बहुतेक सर्वांस 'फेलिस' म्हणत. दक्षिण अमेरिकेंतील 'एयरा' आणि 'जाग्वारुंडी' हीं दोन मांजरें तेव्हां भिन्न मानलीं जात. पुढें कळलें कीं, तो एकाच जातीचा रंगभेद आहे. उलट ज्यास एकच ढगाळ बिबळ्या समजत होते, त्याच्या 2006 सालीं दोन जाती ठरल्या. तात्पर्य, चित्राखालचें नांव म्हणजे त्या क्षणींची समजूत असते. ग्रंथांत त्या समजुतीस पानेंच्या पानें आधार असतो. भेटपत्रांत तीं पानें गळून पडतात आणि नांव मात्र दागिन्यासारखें उरतें.

तीं पानें गळून पडलीं कशीं, हीही एक हकीकत आहे. असे अवाढव्य ग्रंथ वर्गणीदारांसाठीं निघत. ते धनिकांच्या कपाटांत राहिले. मालक गेले, वारसांनीं ते लिलावांत काढले, आणि विक्रेत्यांच्या ध्यानांत आलें कीं, समग्र ग्रंथापेक्षां सुटीं चित्रें चौकटींत घालून विकण्यांत अधिक फायदा आहे. मग चित्रें कापून काढण्यांत आलीं आणि मजकूर रद्दींत गेला. ग्रंथकर्त्यांचे हक्क मुदत सरून संपलेले होते. तेव्हां त्यांच्या नकला भेटपत्रांवर छापण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती. अलीकडे मोठ्या ग्रंथालयांनीं हे ग्रंथ पानापानानें टिपून सर्वांस खुले केले. 2006 पासून ग्रंथालयांच्या एका संयुक्त उपक्रमानें अशीं असंख्य पानें संगणकावर आणलीं आहेत. मी एलियट यांचा ग्रंथ माझ्या खोलींत बसून चाळला तो त्यामुळेंच. एकाच सोयीनें पान तोडणें सोपें झालें, तसें तुटलेलें पान पुन्हा ग्रंथांत लावून पाहणेंही सोपें झालें. दुसरें काम करावयाचें कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

येथें 1883 या सालाचा एक योगायोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एलियट यांचा ग्रंथ त्या वर्षीं पुरा झाला, आणि त्याच वर्षीं 15 सप्टेंबर रोजीं मुंबईंत भायखळ्याच्या संग्रहालयांत आठ गृहस्थ जमून त्यांनीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांपैकीं सहा युरोपियन होते, दोघे आपले. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थनासमाजाचे अध्वर्यु. आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतिशास्त्राचे जाणते आणि रखमाबाईंचे पालक पिते. या दोघांचीं नांवें आपण समाजसुधारणेच्या इतिहासांत वाचतों. परंतु पशुपक्ष्यांच्या अभ्यासासाठीं साहेबांच्या टेबलाशीं बरोबरीनें बसलेले पहिले मराठी गृहस्थ म्हणून त्यांचें स्मरण क्वचित्‌ होतें. त्यांनीं उघडलेल्या दारांतून आपण मध्यमवर्गीय सुशिक्षित किती संख्येनें आंत गेलों, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. माझा स्वतःचा हिशेब फारसा भूषणावह नाहीं.

तो सांगून टाकतों. मी दहा वर्षांचा असेन. आजोळीं ऊंसतोड चालू होती. फडाच्या मध्यावर मजुरांस ठिपक्यांचीं दोन पिलें सांपडलीं. मी हट्ट करून त्यांतील एक घरीं आणलें, टोपलीखालीं ठेविलें आणि कापसाच्या बोळ्यानें गाईचें दूध पाजूं लागलों. मामा एवढेंच म्हणाले, "बाळ, रानाचं लेकरू रानात बरं." मी ऐकिलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं टोपली उचलली, तेव्हां तें थंड पडलें होतें. दुसऱ्या पिलाचें काय झालें, हें मीं विचारलेंही नाहीं. आतां त्याच भागांत अशीं पिलें सांपडलीं, तर वनखात्याचीं माणसें येऊन तीं संध्याकाळीं खोक्यांत घालून त्याच जागीं ठेवितात आणि दूर जाऊन वाट पाहतात. पुष्कळदां रात्रीं आई येते व एकेक उचलून नेते. माझ्या लहानपणीं हें आम्हांस कोणी सांगितलें असतें, तर एक रात्र पुरली असती.

दीड किलोपेक्षां क्वचितच अधिक वजनाचें हें जनावर. मार्जारकुलांतील सर्वांत लहानांपैकीं एक. हिंदुस्थान, नेपाळ व सिंहलद्वीप यांबाहेर जगांत तें कोठेंही रानांत आढळत नाहीं. 1972 च्या कायद्यानें त्यास संरक्षण आहे. परंतु कायदा ज्याचें रक्षण करतो, त्यास ओळखणारे लोक असावे लागतात. चित्त्याचा इतिहास यासाठींच आठवावा. स्टब्जनें रंगविलेला, एलियट यांच्या ग्रंथांत मानानें बसलेला चित्ता हिंदुस्थानांत 1947 सालीं कोरिया संस्थानांत तीन नर मारले गेल्यानंतर खात्रीनें असा दिसला नाहीं. 1952 मध्यें तो नष्ट झाल्याचें जाहीर झालें. 2022 सालीं मध्यप्रदेशांत कुनो येथें चित्ते पुन्हा सोडले, ते आफ्रिकेंतून आणावे लागले. मधल्या सत्तर वर्षांत चित्त्याचीं चित्रें कमी झालीं नव्हतीं. उलट वाढलीं होतीं. चित्र टिकलें म्हणजे प्राणी टिकला, असा भरंवसा कोणीं धरूं नये.

म्हणून अशीं भेटपत्रें छापूं नयेत काय? मला तसें वाटत नाहीं. एके काळीं जें चित्र पाहण्यास धनिकाच्या ग्रंथसंग्रहांत प्रवेश लागे, तें आतां चार नाण्यांत कोणाही मुलाच्या हातीं पडतें, ही लहान गोष्ट नव्हे. वुल्फ यांची नजर, स्मिट यांचा खडू आणि त्या अनामिक रंगाऱ्यांचे हात यांचें काम अजून फुकट गेलेलें नाहीं. माझें मागणें एवढेंच आहे कीं, पत्राच्या मागच्या बाजूस दोन ओळी अधिक छापाव्यात: चित्र कोणाचें, आणि हा प्राणी आज कोठें राहतो. आणि छापणारानें तें केलें नाहीं, तर पत्र घेणारानें घरांतील वडील माणसांस विचारावें.

माझ्या विद्यार्थिनीस मीं उत्तर लिहिलें आहे. तिच्या भेटपत्रावरील मांजराचें नांव वाघाटी, तें उंसांत राहतें, आणि तिचें स्वतःचें गांव माझ्या आजोळापासून दहा कोसांवर आहे, हें मीं तिला कळविलें. तिचें पत्र अजून फडताळावर आहे. लॅटिन नांवाखालीं आईनें माझ्याकडून पेन्सिलीनें मराठी नांव लिहवून घेतलें, आणि मुलें आतां तिला 'मांजर' म्हणत नाहींत.